मीकरच्या पठारावर एल्क: ठासणीची बंदूक की रायफल?

कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना हत्यार आणि हंगाम ठरवूनच मिळतो. त्यामुळे बंदुकीचा निर्णय एप्रिलच्या सुरुवातीला, सोडतीचा अर्ज भरतानाच घ्यावा लागतो. आमच्या गटातल्या काहींनी सप्टेंबरचा ठासणीच्या (तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या) बंदुकीचा परवाना काढला, उरलेल्यांनी ऑक्टोबरअखेरचा रायफलचा. दोन्ही वेळा जागा एकच होती: राज्याच्या वायव्येला, मीकर गावाच्या वर, व्हाइट नदीच्या उगमाकडचं फ्लॅट टॉप्सचं पठार. डोंगर तोच आणि कळपही तेच, पण पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने शिकार पार वेगळी होते. पुढे जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत त्या फरकाचा आहे.

आधी कागदपत्रं. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून नऊ दिवस चालतो आणि त्याचे सगळे परवाने सोडतीनेच निघतात. रायफलचे हंगाम चार. त्यातला पहिला आणि चौथा सोडतीचा. दुसऱ्या-तिसऱ्याचे नर एल्कचे परवाने बऱ्याच युनिटांत (शिकारीसाठी पाडलेल्या विभागांत) थेट विकत मिळतात, म्हणजे सोडतीत नाव लागलं नाही तरी वर्ष फुकट जात नाही. यादी दरवर्षी बदलते, त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून युनिटचा क्रमांक स्वतः पाहावा. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवाना आठशे डॉलरच्या आसपास पडतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं कार्ड लागतं, ते दुसऱ्या राज्याचं असलं तरी चालतं.

एच-वन-बीवर असलेल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना हा तिला असलेला एक अपवाद. म्हणून आधी परवाना, मग बंदूक, अगदी मित्राची रायफल सरावाला हातात घ्यायची असली तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. ठासणीची बंदूक बहुतेक वेळा केंद्रीय व्याख्येत 'जुनं हत्यार' म्हणून वेगळी धरली जाते, पण राज्याराज्यांचे नियम निराळे असल्याने त्या पळवाटेवर विसंबू नये. आणि रजेचं गणित: २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ऐन या नऊ दिवसांत. घरी गणपती बसत असेल तर त्या वर्षी रायफलच बरी.

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला रायफल नावाच्या गावापर्यंत आणि तिथून हायवे १३ ने उत्तरेला मीकर, असे साडेचार तास धरावेत. मीकर सव्वासहा हजार फुटांवर आहे. पुढे नदीकाठाने बुफर्डमार्गे ट्रॅपर्स लेकपर्यंत रस्ता चढत जातो. तळं ९,६०० फुटांच्या आसपास आणि पठाराचा माथा ११,००० च्या वर. पेट्रोल, बर्फ, किराणा मीकरलाच घ्यावं. एक रात्र गावात काढून मगच वर जावं, नाहीतर पहिले दोन दिवस डोकेदुखीत जातात.

वर पोचल्यावर सह्याद्रीत भटकलेल्यांना ओळखीचं काही दिसेल. पठाराच्या डोक्यावर बसाल्टचे काळे कडे आहेत, सपाट माथा आणि खाली उतरणाऱ्या सोंडा. उतारांवर स्प्रूसचं दाट रान, खालच्या अंगाला ॲस्पेन, मधून कुरणं. तळ्याभोवतीचं बरंच जंगल २००२ च्या वणव्यात जळालं. जळके ओंडके आडवेतिडवे पडलेत, नवी झाडी त्यातून वर आलीय. एल्कला ही जागा फार आवडते आणि माणसाला तिथे किलोमीटरभर जायला तास लागतो. नकाशावर सरळ दिसणारी वाट घेऊ नका, धारेवरून फिरून जा.

सप्टेंबरात नर माजावर असतात. पहाटे कुरणाच्या कडेला त्यांची लांब, चिरकी शीळ ऐकू येते आणि जनावर कुठे आहे ते तेच सांगतं. ठासणीच्या बंदुकीची खरी कमाई ही आहे. मादीच्या आवाजाच्या शिट्टीला नर पन्नास-साठ यार्डांवर येऊ शकतो, अट एवढीच की वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जाता कामा नये. सकाळी गार हवा उताराने खाली वाहते, ऊन लागलं की नऊ-दहाच्या सुमारास उलटते. त्या उलटण्याच्या वेळी जनावराच्या खाली बसलेला शिकारी वासावरून पकडला जातो. तेव्हा सरकायचं नाही, वारा स्थिर होईपर्यंत थांबायचं. दुपारी पठारावर विजा कोसळतात. ढग जमले की उघड्या माथ्यावरून उतरावं.

याच दिवसांत धनुष्यबाणवाल्यांचाही हंगाम चालू असतो. त्यांना नारंगी कपड्यांची सक्ती नाही, तुम्हाला आहे: कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारंगी किंवा गुलाबी आणि त्याच रंगाची टोपी. हिरव्या-तपकिरी कपड्यातला माणूस झाडीत बसून हुबेहूब नराची शीळ घालत असतो. आवाजावर किंवा हलत्या फांदीवर बार टाकायचा नाही. बहुतेक युनिटांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळावरचं टोक पाच इंचाचं असावं लागतं. ते दुर्बिणीतून मोजून होईपर्यंत बोट चापाबाहेर.

आता बंदूक. या हंगामात कोलोरॅडोचे नियम कडक आहेत आणि शेजारच्या राज्यात चालणारा संच इथे बेकायदा ठरू शकतो. स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) नाही, रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) नाही. दारू सुटीच हवी, दाबून केलेल्या तयार वड्यांच्या स्वरूपातली दारू बंद. गोळीभोवती प्लास्टिकचं सॅबट, म्हणजे वेष्टण, बंद. एल्कसाठी नळी किमान .५० कॅलिबरची आणि .५० च्या नळीत गोळी किमान १७० ग्रेन वजनाची. प्रत्यक्षात नळीच्या पूर्ण मापाची, चारशे ग्रेनच्या वरची शिशाची शंकूच्या आकाराची गोळी आणि मापाने १०० ग्रेन दारू हा सर्वांत भरवशाचा जोड आहे. १०० यार्डांवर नेम बसवला तर अशी गोळी १५० यार्डांवर आठ-दहा इंच खाली लागते आणि २०० यार्डांवर जवळजवळ अडीच फूट. एल्कच्या छातीचा मर्मभाग सव्वा ते दीड फुटांचा. म्हणजे १५० यार्डांवर अंदाज थोडा चुकला तरी जनावर जखमी होऊन जातं. म्हणून १०० यार्ड ही मर्यादा, आणि ती घरून ठरवून जायची.

दुसरी अडचण माशीची, म्हणजे पुढच्या साइटची. नळीच्या टोकावरचा एक षोडशांश इंचाचा मणी १०० यार्डांवर सुमारे सहा इंच झाकतो, २०० वर बारा. झुंजुमुंजूच्या उजेडात तपकिरी अंगावर तो मणी कुठे टेकलाय हेच कळत नाही. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना मागची खाचेची साइट पुसट दिसते. तिथे भोकाची साइट बसवावी, ती कायदेशीर आहे आणि डोळ्याजवळ असल्याने तिच्याकडे पाहावंच लागत नाही, फक्त तिच्यातून पाहायचं. भोक जरा मोठं ठेवावं, लहान भोक पहाटे अंधारं होतं.

भरण्याचा क्रम असा. पहाटे निघण्यापूर्वी, नळी रिकामी असताना, गजाच्या टोकावर कोरडी चिंधी लावून ती तळापर्यंत घालावी आणि सुरक्षित दिशेला नुसता प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) उडवावा. चिंधीवर जळका डाग आला की जाळाची वाट मोकळी आहे असं समजायचं. डाग नसेल तर तेल साचलंय, आणखी एक उडवा. मग मोजलेली दारू, नळीला दोन टिचक्या, गोळी, आणि गजाने एकसारख्या दाबाने दारूवर टेकेपर्यंत ठासणं. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. गोळी नीट बसल्यावर गजावर तोंडाच्या पातळीला खूण करून ठेवावी. बंदूक तोंड खाली करून खांद्याला टांगली असेल किंवा चढात धक्के बसले असतील तर गोळी पुढे सरकते, म्हणून प्रायमर काढून दर दोन-तीन तासांनी ती खूण तपासायची. खूण बोटभर वर दिसली तर एकतर गोळी सरकलीय किंवा दारू दुप्पट पडलीय. दोन्ही बाबतीत चापाला हात नको.

बार न उडण्याचं नेहमीचं कारण ओल. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावावा, तो लावूनच बार काढला तरी चालतो. रात्री गार बंदूक उबदार तंबूत आणली की आत दव धरतं. प्रायमर काढावा आणि बंदूक बाहेर, छपराखाली, कुलूपबंद ठेवावी. गाडीतही प्रायमर बसवलेला नको. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड सावजाच्या दिशेलाच धरून पूर्ण मिनिटभर थांबा. दारू कधीकधी उशिरा पेटते. ट्रिपल सेव्हन दारू वापरणाऱ्यांनी प्रत्येक बार काढल्यावर ओली चिंधी फिरवावी, नाहीतर तळाजवळ कडक काजळीचं कडं धरतं आणि दुसरी गोळी त्यावर अडते. ब्लॅकहॉर्न २०९ या दारूला हे कमी होतं, पण तिला जोरदार २०९ प्रायमर लागतो आणि ती पाण्याने नव्हे, सॉल्व्हंटने साफ होते. दुसरा बार तयार व्हायला सरावलेल्या माणसालाही अर्धं मिनिट लागतं.

विमानाने येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: ही दारू आणि प्रायमर विमानात नेता येत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनलाही नाही. डेन्व्हर किंवा ग्रँड जंक्शनला उतरल्यावर विकत घ्यायची. ज्या दारूवर सराव केला तीच मिळेल याची दुकानाला आधी फोन करून खात्री करा, दारू बदलली की नेम पुन्हा बसवावा लागतो. रायफलची काडतुसं मात्र बहुतेक विमान कंपन्या चेक-इनमध्ये पाच किलोपर्यंत नेऊ देतात. बंदूक दोन्ही प्रकारची कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून.

ऑक्टोबरअखेरचं चित्र उलटं. नर गप्प झालेले असतात, माद्यांपासून वेगळे होऊन स्प्रूसच्या गर्द रानात, उतारांवरच्या अडचणीच्या जागी दडून असतात. शीळ नाही, त्यामुळे ते शोधायचे तर समोरच्या धारेवर बसून दुर्बिणीने तासन् तास कुरणांच्या कडा पाहाव्या लागतात. दिसतात ते दोनशे, अडीचशे, तीनशे यार्डांवर, उजेडाच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात. इथे ठासणीची बंदूक वापरायला कायद्याची आडकाठी नाही, पण तिच्या १०० यार्डांत सावज येतच नाही.

रायफलला कायद्याने .२४ कॅलिबर पुरतं, पण एल्कचा नर तीनशे किलोच्या घरातला असतो. सांबराच्या दांडग्या नराएवढा किंवा त्याहून मोठा. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची, घट्ट बांधणीची गोळी हा अजूनही उत्तम पर्याय. २०० यार्डांवर नेम बसवला की ३०० वर ती आठेक इंच खाली येते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात सहा-सात इंच सरकते. तीनशेच्या पुढे दोन्ही आकडे झपाट्याने वाढतात. टेबलावर वाळूच्या पिशवीवरून जमणारा नेम उतारावर बसून, धाप लागलेली असताना जमत नाही. सराव बसून आणि काठीच्या टेक्यावरून करा. विमानप्रवासानंतर मीकरला पोचताच एक-दोन बार कागदावर टाकून स्कोप तपासावा.

या हंगामात गर्दी बरीच असते. रस्त्यापासून दोन-तीन मैल आत गेलं की ती विरळ होते. बर्फ पडलं तर कळप खाली उतरतात, आणि खालचं व्हाइट नदीचं खोरं बहुतांश खासगी मालकीचं आहे. परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. बर्फ पडलंच नाही तर ते वरच्या दाट रानात राहतात. मधलं, फूटभर बर्फाचं हवामान सर्वांत चांगलं, ताजे माग दिसतात. चाकांच्या साखळ्या आणि फावडं गाडीत हवंच. रिपल क्रीकची १०,३४३ फुटांवरची खिंड हिवाळ्यात बंद होते, परतीसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका.

आमचा कल सांगायचा तर ज्याला पहाटे तीनला उठून अंधारात चढता येतं, वाऱ्याकडे लक्ष देता येतं आणि ११० यार्डांवरचा नर तसाच जाऊ देण्याचा संयम आहे, त्याने ठासणीची बंदूक घ्यावी. सावज बोलत असताना शिकार करण्यासारखं दुसरं काही नाही. ज्याचा सगळा सराव स्कोपचा आहे, उघड्या साइटवर १०० यार्डांना पाचही गोळ्या आठ इंचांच्या थाळीत बसत नाहीत, त्याने रायफल घ्यावी. जखमी एल्क त्या पडक्या रानात सापडत नाही.

मांसाचा हिशेबही हंगामाप्रमाणे बदलतो. मोठ्या नराचं हाडाविना मांस ८० ते १०० किलो भरतं, म्हणजे एकट्या माणसाच्या चार-पाच खेपा. रान संरक्षित असल्याने चाकाची गाडी, अगदी ढकलगाडीसुद्धा, आत चालत नाही. पाठीवर किंवा घोड्यावरच आणावं लागतं. सप्टेंबरात दुपारी पारा वीस अंशांच्या वर जातो. पडल्यापासून तासाभरात कातडी निघालीच पाहिजे आणि मागचे फरे खुब्याच्या सांध्यापर्यंत मोकळे करून हवा लागली पाहिजे, कारण मांस आंबायला सुरुवात त्या हाडाजवळून होते. सुती पिशव्यांत भरून उत्तरेच्या उतारावर, ओढ्याजवळच्या सावलीत टांगा. पिशवीचं तोंड नीट बांधा, गांधीलमाश्या आणि अस्वलं दोघंही येतात. नर असल्याची खूण, म्हणजे वृषण, एका फऱ्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहू द्या, तपासनीस ती पाहतो. गाडीत शंभर लिटरच्या वरचे दोन शीतपेटारे आणि आधीच गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या असाव्यात. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात भिजतं. ऑक्टोबरात हे सगळं रात्रीची थंडी करून देते, फक्त मांस गोठून दगड होण्याआधी हाडं काढून घ्यायची. हरणवर्गातल्या सीडब्ल्यूडी या रोगाच्या चाचणीसाठी डोकं वन्यजीव खात्याच्या केंद्रावर द्यावं. काही युनिटांत काही वर्षी ती सक्तीची असते. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव-तारीख घालून फ्रीजरात ठेवायचं.