राइट क्लिकमध्ये ‘नवीन पत्रिका’

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानात माणसांच्या लग्नांची रांग लागते. कराडला छोटंसं डीटीपीचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक कलर प्रिंटर आणि हाताखाली एक पोरगी, जी मला दादा म्हणते आणि माझ्या डबल स्पीडने टाइप करते. सीझनला रोज सात-आठ पत्रिका, आणि प्रत्येक वेळी तेच, नवीन फोल्डर करा, नाव द्या, आत परत तीन फोल्डर, मजकूर, फोटो, फायनल. कंटाळा करून नाही केलं तर काय होतं ते मी भोगलंय, ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ च्या खाली दुसऱ्याच घरच्या पोरांची नावं छापून गेली आणि त्या नवरदेवाला एकही पुतण्या नव्हता.

तर मनात आलं, की राइट क्लिक केल्यावर जो मेनू येतो त्यातच ‘नवीन पत्रिका’ असं काहीतरी टाकता आलं तर? येतं. पण मी आधी जे सगळेच करतात ते केलं, नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, मेनू राहिला बाजूला आणि ब्राउजरचं होमपेज बदलून गेलं. ते काढण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हा तुम्ही तसलं काही घेऊ नका, विंडोजमध्येच सगळं आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ‘सेंड टू’. विंडोज 95 पासून तो मेनूत बसलाय आणि आपण फक्त पेन ड्राइव्हला फाइल पाठवायला वापरतो. विंडोजचं बटण आणि आर दाबा, रनची खिडकी येईल, त्यात शेल, मग कोलन, मग सेंडटू असं इंग्रजीत सगळं जोडून टाइप करा आणि एंटर. एक फोल्डर उघडतो. त्यात ज्या प्रोग्रॅमचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट टाकाल तो मेनूत दिसायला लागतो, बस एवढंच. मी ‘प्रूफ पाठवायचे’ नावाच्या फोल्डरचा शॉर्टकट टाकला आणि दोन दिवस राजासारखा हिंडलो.

तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या फोल्डरमधून फोटो गायब. पोरीवर उगाच डाफरलो, ती बिचारी म्हणते दादा मी हातसुद्धा लावला नाही. नंतर उलगडा झाला, सेंड टू म्हणजे फाइल माउसने उचलून तिकडे टाकण्यासारखंच असतं, ड्राइव्ह वेगळा असेल तर कॉपी होते, पण एकाच ड्राइव्हवर असेल तर फाइल उचलून हलवली जाते! पेन ड्राइव्हला नेहमी कॉपी व्हायची म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं. आता कंट्रोल दाबून धरून क्लिक करतो, मग कॉपीच होते. पोरीला वडापाव खाऊ घातला.

पण फोल्डर बनवायचं काम सेंड टू करत नाही, त्याला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे लिहिलेल्या असतात तिथे, हात घालावा लागतो. घाबरू नका, पण बॅकअप घ्या, रजिस्ट्री एडिटरच्या फाइल मेनूत एक्सपोर्ट आहे. बरेच जण तिथल्या क्लासेस रूट नावाच्या भागात जाऊन खोदकाम करतात, मी करंट युजरमध्ये करतो, कारण तिथे ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही आणि काही बिघडलंच तर आपल्या एका लॉगिनपुरतं. करंट युजर, त्यात सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, त्यात डिरेक्टरी, त्यात बॅकग्राउंड, त्यात शेल, यातलं जे नसेल ते आपण बनवायचं. शेलमध्ये आपल्या नावाची एक की, म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा, तिच्या डीफॉल्ट नावाच्या नोंदीत मेनूत जे दिसायला हवं ते लिहायचं, आणि तिच्या पोटात कमांड नावाची अजून एक की, तिच्या डीफॉल्टमध्ये काय चालवायचं त्याचा पत्ता. माझ्याकडे तिथे एका बॅच फाइलचा, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने कामं सांगणाऱ्या साध्या फाइलचा, पत्ता आहे आणि पुढे टक्क्याचं चिन्ह आणि व्ही, म्हणजे ज्या फोल्डरच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं त्याचा पत्ता बॅच फाइलला मिळतो. हे टक्का-व्ही डबल कोट्समध्येच टाका! मी टाकलं नव्हतं, आणि आमच्या फोल्डरची नावं ‘डिसेंबर पत्रिका नवीन’ असली लांबलचक, स्पेस आली की कॉम्प्युटरला वाटतं पत्ता संपला.

बॅच फाइल म्हणजे पाच-सहा ओळी, या फोल्डरमध्ये जा, नाव विचार, त्या नावाचा फोल्डर कर, आत तीन कर. मेनूत मी मराठीत ‘नवीन पत्रिका’ लिहिलं आणि ते एकदम झकास दिसलं, काना-वेलांटीसकट. म्हटलं वा, मग बॅच फाइलमध्येही मराठीत ‘मजकूर’, ‘फोटो’ लिहू. चालवलं तर फोल्डरांची नावं काय, ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला एन, परत अल्फा, परत लाट... रजिस्ट्रीला मराठी कळतं, बॅच फाइल चालते त्या काळ्या खिडकीला कळत नाही, असा प्रकार. ती जुन्या कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, फाइल वाचते म्हणून. फाइल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं बसतात त्या पद्धतीत, सेव्ह करायची आणि वरच सीएचसीपी 65001 अशी ओळ टाकायची, मग आतले तीन फोल्डर मराठीत येतात. गिऱ्हाइकाचं नाव मात्र खिडकीत टाइप करायचं असतं, तिथे मराठी टाकायला गेलो की गोंधळ, म्हणून ते आम्ही इंग्रजीतच टाकतो. हरकत नाही.

आपली ही की एक्सपोर्ट करून ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन डबल क्लिक केली की मेनू तिकडेही लागतो. फक्त बॅच फाइलसुद्धा न्यावी लागते, हे मला मेनू दिसतोय आणि क्लिकवर एरर येतोय असं दहा मिनिटं बघत बसल्यावर सुचलं. त्यात दुसऱ्या मशीनवर विंडोज 11. त्याचा मेनू दिसायला गुळगुळीत, पण आपल्या असल्या एंट्र्या तो ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे ढकलतो. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू सरळ येतो, पोरीच्या बोटांना ते एका दिवसात सवयीचं झालं, मी अजून विसरतो.

आणि हो, पंधरापेक्षा जास्त फाइल्स एकदम सिलेक्ट केल्या तर मेनूतल्या काही गोष्टी गायब होतात, ते बिघाड समजू नका, विंडोजच मुद्दाम तसं करतं. फाइलवर लावलेली अशी कमांड प्रत्येक फाइलसाठी वेगळी चालते, दहा फाइल्स म्हणजे दहा खिडक्या. ढिगाने फाइल्स असतील तर सेंड टूच बरं, ते सगळ्यांची नावं एकदम प्रोग्रॅमला देतं.

पोरीची नवी फर्माइश होती ‘उधारी’ची. साधी नोटपॅडची फाइल, कोणाकडे किती बाकी ते, ती राइट क्लिकवर उघडली पाहिजे. हे तर सोपं, कमांडमध्ये नोटपॅड आणि पुढे फाइलचा पत्ता. पण आमची गिऱ्हाइकं खुर्चीच्या मागे उभी राहून स्क्रीनकडेच बघत असतात, मेनूत ‘उधारी’ दिसली की पंचाईत. त्यावरही औषध आहे, त्या कीमध्ये एक्सटेंडेड नावाची रिकामी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची नोंद, टाकली की ती ओळ फक्त शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावरच दिसते. परवा एक पाव्हणे ऐन मागे उभे राहून ‘आमचं काही बाकी नाही ना रे?’ विचारत होते. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच शिफ्टवर बोट ठेवलं.