रातांब्याचा रंग आणि आमचे उसने शोध

मी माहेरची कोल्हापूरची. आमसूल म्हणजे वाण्याकडे पुडीत मिळणारी काळी, चिकट वस्तू, आमटीत टाकायची आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायची, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन कुडाळ तालुक्यात आले तो मे महिना होता. सासरच्या पडवीत रातांब्यांचा, म्हणजे ज्यांच्या सालींचं आमसूल होतं त्या कोकमाच्या फळांचा, ढीग पडला होता आणि सासूबाई पाटावर बसून एकेक फळ कापत होत्या. बिया एका टोपलीत, साली दुसऱ्या. सालीच्या वाट्यांत साखर भरून चिनी मातीच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी उन्हात ठेवायची. आठवडाभरात साखर विरघळून साली रसात पोहायला लागतात. हे अमृत कोकम. साखरेच्या जागी मीठ घातलं की आगळ. त्या रसाचा रंग मी पहिल्यांदा पेल्यात बघितला आणि पाणी घालायचंही विसरले.

पुढची सगळी वर्षं खरं तर त्या रंगामागे धावण्यात गेली.

१९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तोवर आमचं कोकम चाकरमान्यांच्या पिशवीतून जाईल तेवढंच मुंबईला जायचं. त्या वर्षी दादरच्या एका दुकानदाराने वीस डझन बाटल्या मागितल्या. बाटल्या कुठून आणायच्या? कोकणातल्या घरगुती सरबतवाल्यांनी जे केलं तेच आम्ही केलं. भंगारवाल्याकडून बिअरच्या जुन्या बाटल्या आणल्या, सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या, ब्रशने घासल्या. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या कडाडल्या, "देवाच्या नैवेद्याक जाता ता असल्या बाटलेत भरतलंस?" मी म्हटलं, आई, बाटली आतून सोवळ्यात आहे.

बूच बसवायला हाताच्या दांड्याचं यंत्र घेतलं. कडेला दाते असलेलं ते पत्र्याचं बूच बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली पेटंट केलं. त्याच्या बुचाला चोवीस दाते होते, आता एकवीस असतात. आत तेव्हा खऱ्या बुचाच्या झाडाची चकती असायची, आता प्लॅस्टिकचा थर असतो. मुळात हे बूच सोड्यासाठी, आतला वायू बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्या सरबतात वायू नव्हता. निदान भरताना तरी नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात दादरहून फोन आला. "वहिनी, तुमच्या बाटल्या फुटतायत. दुकानात दारूचा वास येतोय." चूक माझीच होती. सासूबाई सालीच्या मापाला साखर किती घालतात ते मी बघितलं होतं, पण साखरेचा भाव बघून त्यातली थोडी कापली. एवढ्याने काय बिघडतंय, असं वाटलं. पाकात साखर भरपूर असली की ती पाणी धरून ठेवते आणि यीस्टला जगायला पाणी उरत नाही. साखर उतरली की यीस्ट जागं होतं, साखर खातं आणि वायू सोडतं. पेंटरच्या बुचाने तो वायू इमानदारीने आत अडवला आणि बाटल्या फुटल्या. पाच डझनाचे पैसे परत केले. उरलेल्या बाटल्या मागवून परसात ओतल्या. दोन दिवस मुंग्यांची पंढरी.

त्यानंतर घेतलेली पहिली वस्तू म्हणजे हाताचा रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून ब्रिक्सचा, म्हणजे शेकडा साखरेचा, आकडा दिसतो. सिरपला निदान पासष्ट हवा. सासूबाईंची पद्धत वेगळी होती. दोन बोटांत थेंब धरून त्या तार बघायच्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी एकाच बरणीवर आपापली परीक्षा केली. त्या म्हणाल्या "झाला", माझ्या नळीत सहासष्ट. पुढे आगळाला तीच नळी लावून मी फसले. मीठही प्रकाश वाकवतं, त्यामुळे आगळात दिसणारा आकडा साखरेचा नसतोच. यंत्र खोटं बोलत नव्हतं. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते.

एफपीओचा, म्हणजे फळांच्या पदार्थांसाठी तेव्हा लागणारा सरकारी, परवाना कसा मिळाला ती गोष्ट सांगत बसत नाही. ज्यांनी काढला त्यांना ती माहीत आहे. पण त्या निमित्ताने पडवी सुटली आणि फरशी, जाळ्या, गटार असलेली वेगळी शेड उभी राहिली.

शेडमधला पहिला मोठा धडा पावडरीचा. आंब्याचा स्क्वॅश करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी केएमएस घालायला सांगितलं, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंब्याला ते उत्तम चालतं. मी चारशे लिटरच्या टाकीत घातलं. सकाळी झाकण उघडलं तर रस ओळखू येईना, जुन्या लुगड्यासारखा विटलेला. सासूबाई दारातच थबकल्या. "रंग खंय गेलो गो?"

रंग गंधकाने खाल्ला होता. रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, जांभळात असतो त्याच कुळातला, आणि सल्फाइट नेमकं त्यालाच फिकं करतं. आंब्याचा पिवळा कॅरोटिनचा, त्याला काही होत नाही. म्हणून रंगीत फळांना सोडियम बेंझोएट वापरतात. गंमत अशी की बेंझोएट आंबट रसातच नीट काम करतं आणि कोकमाइतकं आंबट गिऱ्हाईक त्याला दुसरं कुठे मिळणार? हे सगळं पुस्तकात छापलेलं होतं. मी ते चारशे लिटर घालवल्यावर वाचलं.

मग उष्णता. रस तापवून गरम असतानाच भरला की टिकतो, हा या धंद्याचा पाया. तो घातला निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली पाण्यात उकळायची. १८१०मध्ये त्याला सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळाले आणि कृतीचं पुस्तक त्याने छापलं. अन्न का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं. ते कारण पाश्चरने सांगितलं, पन्नासेक वर्षांनी. मला हा अपेर फार जवळचा वाटतो. आमच्या घरी बरणीला उन्हं देणाऱ्या बाईलाही कारण कुणी सांगितलं नव्हतं, कृती मात्र चोख होती.

पण अपेरची कृती जशीच्या तशी कोकमाला लावली की रंग पुन्हा दगा देतो. अर्धा तास उकळलेलं कोकम विटकरी होतं आणि चवीला शिजकट लागतं. आम्ही रस पंच्याऐंशी अंशांपर्यंत पटकन चढवतो, थोडा वेळ धरतो आणि लगेच उतरवतो. त्यासाठी वाफेचं दुहेरी भांडं घेतलं. चुलीवरच्या पातेल्यात बुडाशी रस जळायचा आणि वर कोमट राहायचा. सालीचा सिरप आणि रातांब्याचा ताजा रस यांना वेळही वेगवेगळा लागतो. तो आकडा मी इथे लिहीत नाही. आमच्या शेजारी आणखी तीन जण कोकम करतात.

२००६च्या सुमाराला गिऱ्हाईक म्हणू लागलं की काचेची बाटली जड होते, प्रवासात फुटते, प्लॅस्टिक द्या. पेट बाटली ही नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकन इंजिनिअरची करामत, पेटंट १९७३चं. सोड्याचा दाब सोसेल अशी प्लॅस्टिकची बाटली त्याला हवी होती. आम्ही पहिल्या दिवशी दोनशे बाटल्या नेहमीसारख्या गरम रसाने भरल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तर बाटल्या कंबरेत वाकून, खांदे पाडून उभ्या. जणू श्राद्धाला जमलेली मंडळी. साधं पेट सत्तर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. उष्णता सोसणाऱ्या, पन्हाळीच्या बाटल्या मिळतात, पण त्यांचा भाव आणि किमान मागणी ऐकून आम्ही गप्प बसलो. आता प्लॅस्टिकमध्ये जातो तो गार करून भरलेला सिरप, आणि थेट पिण्याचं सरबत काचेतच. काही दुकानदार अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

सोलकढीवर मी तीन वर्षं घालवली आणि त्याबद्दल घरात अजून चिडवतात. बाटलीबंद सोलकढी करायची होती. घरी नारळाचं दूध आणि आगळ एकत्र केलं की लगेच प्यायची असते, त्यामुळे ती पुढे काय करते हे कुणी बघत नाही. तापवून टिकवायला गेलं की फाटते. वर मलईसारखी साय, खाली गुलाबी पाणी, मध्ये दहीवड्यासारख्या गाठी. कुणी सांगितलं, होमोजिनायझर लावा. दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकलून त्यातल्या चरबीचे थेंब फोडायचं हे यंत्र ओग्यूस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९मध्ये काढलं. एका ओळखीच्या डेअरीत दोन तास मागून घेतले. साय वर येणं थांबलं, पण गाठी तशाच. कारण फाटत होती ती चरबीमुळे नव्हे. नारळाच्या दुधातली प्रथिनं आंबटपणाने गोळा होत होती आणि तापवल्यावर अधिकच. गोलँच्या यंत्राचा त्याच्याशी संबंधच नाही.

शेवटी उपाय निघाला तो यंत्राशिवायचा. एका डब्यात दोन पुड्या. एकीत नारळाच्या दुधाची भुकटी, दुसरीत आगळ. भुकटी आधी कोमट पाण्यात नीट विरघळवायची, थंड करायची, मग आगळ घालून ढवळायचं आणि प्यायचं. उलट क्रमाने केलं तर गाठी होतात, म्हणून तो क्रम डब्यावर मोठ्या अक्षरांत आहे. आणि तरी लोक उलट करतात. भुकटीत बहुधा केसिनेट असतं, म्हणजे गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. ते लेबलवर लिहावं लागतं आणि मग गिऱ्हाईक विचारतं, "सोलकढीत दूध कशाला?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर लांबलचक आहे.

याच दोन पुड्यांचं पेटंट घ्या म्हणून एक सल्लागार मागे लागले होते. फीचा आकडा ऐकून मी आधी वाचायचं ठरवलं. २००५पर्यंत आपल्याकडे खाद्यपदार्थावर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. आता पदार्थावरही मिळतं, पण कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट आहे. नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे गुण फक्त एकत्र येतात, तो शोध नव्हे. पारंपरिक ज्ञान हाही शोध नव्हे. सोलकढी दोन्हींत बसते. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख असताना ते १९९७मध्ये रद्द करून घेतलं गेलं. ते वाचताना अभिमान वाटला होता. मग मीच सोलकढीवर दावा कोणत्या तोंडाने लावायचा?

आमच्याकडे शोध म्हणता येईल अशी एकच वस्तू आहे आणि तीही माझी नाही. रातांबे कापणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी आंबटाने सोलून निघायची. हातमोजे घातले की फळ सटकतं. कुडाळ एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या एका मेस्त्रींना मी दोन किलो फळं नेऊन दिली. त्यांचं पहिलं यंत्र फळाचे सरळ दोन तुकडे करायचं आणि बीसुद्धा कापायचं. कापलेल्या बीचं तेल रसावर तरंगतं. दुसऱ्यात त्यांनी पातं जागेवर ठेवलं आणि फळ उतरत्या पट्टीवरून गडगडत नेलं. पातं फक्त सालीच्या जाडीपुरतं वर आलेलं. फळ एक फेरा घेतं, साल गोल चिरली जाते, बी शाबूत राहते. लहानमोठ्या फळांसाठी आधी चाळण लावावी लागते. तरी शंभरात दहाबारा फळं हातानेच कापावी लागतात. बिया शाबूत राहिल्याने मुठेल, म्हणजे बियांचं थिजणारं तेल, तेही चांगलं निघतं, ते साबणवाले नेतात. मेस्त्रींना म्हटलं, याचं काहीतरी कागदोपत्री करू या. ते म्हणाले, "वहिनी, आधी ३१६चा पत्रा घ्या." खरंच होतं. हे स्टीलच्या प्रतींचे आकडे. ३०४च्या स्टीलला मीठ आणि आंबट मिळून सुईच्या टोकाएवढी भोकं पडत होती. आगळाच्या टाकीत ती मी आधीच बघितली होती.

यंत्राने कापणी भरभर झाली तरी पावसाचं काय करायचं? रातांबा पिकतो मेमध्ये आणि पाऊस त्याच्या पाठीवरच बसलेला असतो. २०२५मध्ये तर मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात आला. झाडावरची निम्मी फळं भिजून गळाली. साली वाळवायला उन्हं नव्हती आणि बरण्या पडवीत तशाच. दापोलीच्या विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता'ची कलमं आम्ही थोडी लावली आहेत, पण ती धरेपर्यंत हंगाम थांबणार नाही.

यंदा म्हणून वेगळं केलं. फळ हाती येईल तसं कापून, साली मिठात दाबून खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भरल्या. उन्हाची वाट बघितली नाही. मिठाचं प्रमाण पिंपागणिक वेगळं ठेवलं आहे, वर खडूने लिहिलं आहे. सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. शेडमध्ये येतात, पिंपाचं झाकण उघडायला लावतात, पळीभर रस पेल्यात घेऊन खिडकीशी धरतात. तिसऱ्या पिंपाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. रिफ्रॅक्टोमीटरचा इथे उपयोग नाही, हे मला आता माहीत आहे. गणपती झाले की तिसरं पिंप आधी उघडणार आहोत.