जुने गोवे ते दोनापावला, पायी

जुन्या गोव्याच्या फेरीधक्क्यावरून दोनापावलाच्या धक्क्यापर्यंत एका दिवसात चालून होतं का, हा प्रश्न थंडी पडू लागली की हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा: मधला रायबंदरचा भाग बसने काढला तर चालेल का? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहीत आहे.

होतं. अंतर साधारण 17 ते 18 किलोमीटर, निव्वळ चालणं चार-साडेचार तासांचं; बाकी वेळ थांबण्याचा. रायबंदर मात्र गाळू नका. पोर्तुगीज गोव्याची राजधानी जुन्या गोव्याहून पणजीकडे मांडवीच्या काठाकाठाने ज्या दिशेने खाली सरकली तीच ही वाट, आणि बसने गेलात तर नेमकं ते सरकणंच दिसत नाही.

सकाळी पावणेसातला जुन्या गोव्यातल्या, दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर हजर राहा. धक्क्यावरून वर येणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. नवा व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा इथला प्रतिनिधी, गलबतातून उतरून इथूनच शहरात शिरायचा. आज दिसते ती कमान 1954 साली पुन्हा बांधलेली. साथींनी जुन्या गोव्यातली वस्ती उठवली, व्हाइसरॉय आधी शेजारच्या पाणेलीला आणि 1759 मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेले. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. चर्च आतून बघायची असतील तर वेगळ्या दिवशी या. तिथे दोन तास गेले तर पुढे ऊन गाठतं. 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर हे दिवसही टाळा. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेनांना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, पहाटेपासून माणसांची रीघ असते.

इथे पहिली चूक होते: फोनचा नकाशा कधी कधी कदंब पठारावरून नेतो. तो महामार्ग आहे, चालायचा रस्ता नव्हे. मांडवी उजव्या हाताला ठेवा, वाट चुकत नाही. रायबंदरपर्यंत रस्ता अरुंद, घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनेच चाला, एकामागोमाग एक. रायबंदरात चोडण बेटाकडे जाणाऱ्या फेरीच्या धक्क्याजवळ पाव-भाजी, चहा उरकून घ्या आणि बाटल्या भरून घ्या, कारण पुढे तीनेक किलोमीटर सावली जवळजवळ नाही.

हा पुढचा भाग म्हणजे लिन्यारिसचा बांध, 1633-34 च्या सुमारास घातलेला. पणजी राजधानी होण्याच्या दोनशे वर्षं आधीचा, आणि अजून त्याच्यावरून बसगाड्या धावतात. उजवीकडे मांडवी, डावीकडे खाजण (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली सखल जमीन), खारफुटी आणि मिठागरं. ओहोटीला खारफुटीची श्वासमुळं चिखलातून वर आलेली दिसतात; तो चिखल बिनहवेचा असतो, म्हणून मुळं हवा घ्यायला बाहेर डोकावतात. बांध नऊच्या आत ओलांडायचा. पश्चिमेकडे चालताना सकाळचं ऊन पाठीवर राहतं, म्हणूनच सुरुवात जुन्या गोव्यातून. उलट निघालात तर ते सारा वेळ डोळ्यांवर येतं. रविवारी इथली वाहनं कमी असतात.

पाट्टोचा पूल ओलांडून पणजीच्या जुन्या वस्त्या, मळा आणि फोन्तेन्हास. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलाचं (छोट्या प्रार्थनाघराचं) दार उघडं असेल तर आतला क्रूस जरूर बघा. येशूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. पुढे पायऱ्यांच्या चर्चमधली मोठी घंटाही जुन्या गोव्याचीच, ऑगस्टिनियनांच्या मठातली. 1871 मध्ये इथे चढवली. पडक्या शहरातलं जे नेण्यासारखं होतं ते लोकांनी असं खाली आणलं. फोन्तेन्हासमधल्या घरांत माणसं राहतात, कुणाच्या बाल्कनीखाली उभं राहून फोटोंची शिबिरं भरवू नका.

एकच्या आत जेवा. एक ते साडेतीन बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा पणजीच्या कांपाल भागातल्या झाडांखाली बसा, बूट-मोजे काढून पाय वाळवा. पायांना फोड उन्हापेक्षा घामट मोज्यांनी जास्त येतात. सुके मोजे सोबत हवेतच. पाणी दोन लिटर. लिंबू-मीठ घातलेलं थोडं वेगळं ठेवा.

मिरामारहून करंझाळ्यापर्यंत वाळूतून जायचं की रस्त्याने, हे भरतीवर ठरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती, तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे. अष्टमीला उलट, संध्याकाळी सहाला भरती. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे निघा आणि साडेचारला मिरामारवर उतरा. पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू धरा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात. भरती असेल तर हट्ट न करता रस्ता पकडा.

करंझाळ्यानंतर पुन्हा रस्ता, थोडा चढ, आणि दोनापावलाचा धक्का. इथे मांडवी नव्हे, जुवारीचं मुख आहे. समोर मुरगाव बंदर आणि नांगरलेली जहाजं. परतीची बस मिरामारमार्गे पणजीला जाते, पण अंधार पडल्यावर गाड्या विरळ होतात. सूर्य बुडताच बसथांब्याकडे निघा, नाहीतर टॅक्सीला पैसे मोजावे लागतील.