धडधाकट आहोत म्हणूनच

"तुम्ही दोघं अजून धडधाकट आहात, मग त्याला आत्ताच कशाला ठेवलंत तिकडे?" सोसायटीच्या गेटवर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमचा मुलगा २९ वर्षांचा, ऑटिस्टिक. आता तो अशा प्रौढांच्या एका छोट्या निवासी संस्थेत राहतो. आमटी भाताला टेकली की ताट सरकवतो. अशा माणसाला आमच्यातलं कुणी गेल्यावर, तेराव्याच्या गर्दीतून उचलून अनोळखी खाटेवर नेऊन झोपवायचं? नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत हाकेला ओ द्यायला आम्ही हवे होतो.

जागा शोधायला चार वर्षं गेली. एका ठिकाणी खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. दुसरीकडे "हायपर मुलं घेत नाही" म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला 'मूल'! मुळशीत कोळवणला साधना व्हिलेज ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांची निवासी संस्था पाहिली तेव्हा जीवात जीव आला. वॉर्ड नाही, घरं. प्रौढ माणसं घरासारखी राहतात, कामं करतात. तसंच छोटं काहीतरी शोधत राहिलो आणि मिळालं.

कागदांचंही सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अठरा पूर्ण झाले की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आम्हाला हे कळलं तो २३ वर्षांचा असताना, बँकेच्या काउंटरवर.

आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना, असं करत वर्ष गेलं. सोबत मी एक वही दिली: कान झाकले तर मिक्सर बंद करा, दोनदा 'अं' म्हणजे पाणी, ट्यूबलाइट नको. एक गोष्ट लिहायची राहिली. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की तो पानावर बसतो. तिथे मोठ्या पातेल्यात भात. पहिल्या दिवशी तो दीड वाजेपर्यंत ओट्यापाशी उभा होता. मग तिथल्या ताईंनी छोटा कुकर काढला. आता रोज त्याच्यापुरतं वाटीभर वरण, तीन शिट्ट्या.

मागच्या रविवारी तो घरी होता आणि माझ्या कुकरनं चौथी शिट्टी दिली. त्यानं माझ्याकडे बघितलं, तीन बोटं दाखवली आणि दारातली चप्पल पायात घातली.