‘अर्थ’ नावाचा रकाना: शाळेत वाक्प्रचार शिकवण्याचा माझा अनुभव

इंदूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी ते पाचवीतील, मराठी घरांतून येणाऱ्या 22 मुलांना दर शनिवारी एक तास मराठी वाक्प्रचार आणि म्हणी शिकवण्याची परवानगी मी गेल्या जुलैत मागितली, आणि पहिला तास प्रत्यक्षात झाला तो दिवाळीची सुट्टी संपल्यावर. पालक आनंदाने तयार झाले, मुख्याध्यापिकांनी पहिल्याच भेटीत होकार दिला आणि वर्गखोलीही मिळाली. मला अडवले ते पाठ-नियोजनाच्या तक्त्यातील एका रकान्याने, आणि त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

तक्त्यात प्रत्येक 40 मिनिटांच्या तासासाठी वाक्प्रचार, त्याचा अर्थ, वाक्यात उपयोग आणि ‘मोजता येईल असे उद्दिष्ट’ असे चार रकाने होते. अर्थाच्या रकान्यात मी प्रत्येक वाक्प्रचारासाठी एक छोटा प्रसंग लिहिला होता, कारण लहान मुलाला वाक्प्रचार कळतो तो प्रसंगातून, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. तीन आठवड्यांनी तक्ता परत आला आणि प्रत्येक प्रसंगावर लाल पेन्सिलीची रेघ होती. मी समन्वयक बाईंना भेटले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “मैडम, मीनिंग एक लाइन में ही चाहिए, नहीं तो वर्कशीट चेक कैसे होगी?”

एका ओळीत अर्थ लिहिल्याने काय बिघडते, हे मी त्यांना तीन उदाहरणांनी समजावण्याचा प्रयत्न केला. तोंडाला पाने पुसणे, हातावर तुरी देणे आणि केसाने गळा कापणे या तिन्हींचा एका ओळीतला अर्थ ‘फसवणे’ असाच लिहिला जातो. प्रत्यक्षात पहिल्यात आशा लावून शेवटी काहीच हाती लागू न देणे आहे, दुसऱ्यात पाळतीवर असलेल्याच्या डोळ्यांदेखत निसटणे आहे आणि तिसऱ्यात ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच घात करणे आहे. ज्या मुलाने तिन्हींपुढे ‘फसवणे’ एवढेच पाठ केले, ते उद्या “दुकानदाराने पाच रुपये जास्त घेऊन माझ्या हातावर तुरी दिल्या” असे वाक्य लिहील, आणि त्यात चूक नेमकी कुठे झाली हे त्याला कोणीही पटवून देऊ शकणार नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि तक्ता माझ्याकडे परत दिला.

दुसऱ्या वेळी मी नाइलाजाने एकेका ओळीचे अर्थ भरले, तर ‘मुलांना वाक्प्रचारांची गोडी लागेल’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही म्हणून कागद पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी सही करणारी व्यक्ती रजेवर होती. गणपती आले आणि गेले, नवरात्र संपले, आणि मी दर शनिवारी त्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून रिकाम्या हाताने घरी परतत राहिले. त्या बाकावरून मला ठरलेली वर्गखोली दिसत असे, आणि ती त्या वेळी रिकामीच असे.

सुटका झाली ती त्याच शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेमुळे. त्यांनी मुहावऱ्यांच्या पाठाचा आपला मंजूर झालेला तक्ता मला दाखवला. त्यात उद्दिष्ट म्हणून लिहिले होते की दिलेल्या 5 प्रसंगांपैकी किमान 4 प्रसंगांना विद्यार्थी योग्य मुहावरा जोडू शकेल, आणि अर्थाच्या रकान्यात ‘प्रसंगपत्र सोबत जोडले आहे’ एवढेच होते. मी तसाच तक्ता भरून दिला आणि दोन दिवसांत सही झाली. हा नमुना मला ऑगस्टमध्ये कोणीही दाखवू शकले असते. म्हणून अशा कामाला निघणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे आहे की कोरा तक्ता घेण्याआधी आधी मंजूर झालेला एक तक्ता मागून घ्या.

वर्ग सुरू झाल्यावर मात्र सगळी वाट सोपी होती. पहिल्याच तासाला ‘पोटात कावळे ओरडणे’ हा वाक्प्रचार न सांगता मी फक्त प्रसंग सांगितला: मधल्या सुट्टीला अजून अर्धा तास आहे आणि सकाळी पोहे खायचे राहून गेले आहेत. तिसरीतील एका मुलीने लगेच उत्तर दिले, “माझ्या पोटात उंदीर उड्या मारतील.” तिने हिंदीतले चूहे मराठीत आणले होते, आणि एका ओळीच्या अर्थाच्या कसोटीवर त्या उत्तराला शून्य गुण मिळाले असते. मी फळ्यावर एकीकडे उंदीर आणि दुसरीकडे कावळे काढले आणि मराठीत कावळेच का असावेत, असे सगळ्यांना विचारले. ती मुलगी थोडा वेळ थांबून म्हणाली, “आमची आजी गच्चीवर पोळीचा तुकडा ठेवते ना, तो ठेवेपर्यंत कावळे ओरडतच राहतात.” यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला देता आले नसते.

इंदूरच्या मुलांना हिंदी मुहावरे आधीच येत असतात, त्याचा फायदा घ्यावा. कंबर कसणे, कान भरणे, तोंडाला पाणी सुटणे हे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच असल्याने तिथे वेळ घालवू नये आणि जिथे चित्र बदलते तिथे थांबावे.

वस्तू दाखवता आली तर अवश्य दाखवावी. ‘उखळ पांढरे होणे’ या वाक्प्रचारासाठी मी घरचा लोखंडी खलबत्ता आणि मूठभर तांदूळ नेले. मुलांनी आळीपाळीने तांदूळ कुटले, काळ्या खलाच्या आतल्या बाजूला पांढरी पूड चिकटली, आणि ज्या घरात रोज धान्य कांडले जाते तिथे भरभराट असणार, हे पाचवीतील एका मुलाने आपणहून सांगितले. त्याच मुलाने ‘पाचवीला पुजणे’ ऐकून, “म्हणजे पाचवी इयत्तेत पूजा करतात का?” असे विचारले होते. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी होणारी पूजा त्याने कधी पाहिलेली नव्हती. त्याने घरी जाऊन आजीला विचारले, आणि पुढच्या शनिवारी संपूर्ण वर्गाला तीच माहिती त्याने सांगितली.

‘अटकेपार झेंडा लावणे’ नकाशाशिवाय शिकवू नये. 1758 मध्ये मराठी सैन्य सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचले, हे इंदूरपासून बोट फिरवत दाखवले की ‘पार’ या शब्दाचे वजन मुलांना कळते. नाकी नऊ येणे यासारखे, शब्दांवरून अर्थाचा अंदाजही बांधता येत नाही असे वाक्प्रचार पहिल्या महिन्यात घेऊ नयेत. सात-आठ वर्षांचे मूल शब्दाला धरून चालते, आणि त्याला काही ओळखीचे चित्र दिसल्याशिवाय ते पुढे येत नाही.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांनी लिहिलेली प्रसंगपत्रे आम्ही वर्गाबाहेर लावली, आणि समन्वयक बाईंनी ती उभे राहून शेवटपर्यंत वाचली. पुढच्या वर्षाचा अर्ज मी जुलैची वाट न पाहता एप्रिलमध्येच दिला आहे, आणि त्याला पाच प्रसंगपत्रे आधीच टाचलेली आहेत.