गुळवेल निघाल्यानंतरचे छायाचित्र

नागपुरातील एका उपाहारगृहाच्या भिंतींवर लावण्यासाठी रस्त्याकाठच्या पडक्या इमारतींची सहा छायाचित्रे काढण्याचे काम ऑक्टोबरात माझ्याकडे आले. लग्नसराईवर घर चालवणाऱ्या माणसाला असे काम क्वचितच मिळते, त्यामुळे सजावटकार बाईंची अट मी निमूटपणे मान्य केली : इमारत ओसाड दिसली पाहिजे, माणूस किंवा मोटारसायकल चौकटीत नको. शकुंतला रेल्वेच्या एका सुन्या स्थानकासह पाच चित्रे सहज झाली. सहाव्यासाठी मी देवळी ते कळंब रस्त्यालगतचे एक बंद जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, निवडले होते.

काळ्या दगडाचे जोते, गंजलेल्या पत्र्यांचे उंच छप्पर, बाजूला वजनकाट्याची खोली आणि फाटकासह कमानीवर पसरलेला हिरवागार गुळवेल, असे ते दृश्य होते. चित्र पाच फूट रुंद छापायचे होते. माझ्या कॅमेऱ्यातून 6000 बाय 4000 पिक्सेलची प्रतिमा मिळते, म्हणजे साठ इंचांच्या रुंदीत इंचाला जेमतेम शंभर पिक्सेल येतात. लांबून पाहायच्या चित्राला तेवढे पुरतात, पण नंतर कडा कापायला काहीच उरत नाही. शिवाय कॅमेरा किंचित वर झुकवला, तरी भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. म्हणून तिवई काटेकोर समपातळीत लावून मी ढगाआडच्या उजेडात एक चाचणीचे चित्र घेतले आणि भिंतीवर ऊन येण्याची वाट पाहत थांबलो.

तेवढ्यात हातात विळा घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आले. "पडक्याचा फोटू काहाले काढता भाऊ?" असे त्यांनी विचारले. नागपूरच्या हॉटेलात लावायचा आहे, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मी बॅटरी आणायला गाडीकडे गेलो, तिथे एका वधूपित्याचा फोन आला आणि तो लवकर संपेना. परत येऊन पाहतो तो फाटकासमोरचे गाजरगवत उपटलेले, कमानीवरचा वेल खाली ओढलेला आणि बाबा त्याची नीट गुंडाळी करत बसलेले. ज्या वेलासाठी मी पहाटे चारला घर सोडले होते, तो आता काढ्यासाठी त्यांच्या घरी जाणार होता.

माझा आवाज चढला, हे कबूल केले पाहिजे. ते मात्र गोंधळून म्हणाले, "फोटू काढाचा म्हनजे जागा साफ नको का बाप्पा?"

वेलाखालून कमानीवर रंगवलेली अक्षरे बाहेर आली होती : 'गाडी आत', त्यापुढे बाण आणि खाली 'विडी ओढण्यास सक्त मनाई'. बाबांनी याच जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावर, अठरा हंगाम काढले होते. 1972 साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारच विकत घेई तेव्हा, कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग पार सडकेवर जाई, शेतकरी बंडीखालीच झोपत आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, केव्हा मिळेल एवढेच विचारत, असे ते सांगत होते. कोणत्या खोलीत सरकी, कोणत्या खोलीत रुईच्या गाठी, हे ते विळ्याच्या टोकाने दाखवत होते आणि तोवर भिंतीवर ऊन येऊन ठेपले होते. मी त्या साफ कमानीचेही चित्र घेतले.

दोन्ही चित्रे पाठवली, तेव्हा बाईंनी अर्थातच वेलाचे निवडले. त्यातला उजेड सपाट होता, पण जुन्या औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे आयुष्यभर काढणारे बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य मुद्दाम ढगाळ आकाशच निवडत असे, एवढे समाधान मी करून घेतले. दुसऱ्या चित्राची 12 बाय 18 इंचांची प्रत लॅमिनेट करून मी नोव्हेंबरात बाबांना नेऊन दिली.

त्यांनी ती उंबऱ्यावर उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "वर गाडी आत म्हनते, आन् फाटक तं बंद हाय," ते म्हणाले. संगणकावर ते उघडून देता येईल का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे फाटकाच्या आतले एकही छायाचित्र नव्हते.