घाम कशाचा, हे ओळखताना

माझी इजा टी-५ ची आहे, म्हणजे छातीच्या पाचव्या मणक्यापाशी मज्जारज्जू दुखावलेला. वयाच्या २९व्या वर्षी अपघात झाला. तेव्हापासून छातीखाली जाणीव नाही, पाय हलत नाहीत आणि लघवीसाठी दर चार-पाच तासांनी कॅथेटर घालावा लागतो. हात पूर्ण चालतात. व्हीलचेअर मीच चालवते, ट्रान्सफरही, म्हणजे खुर्चीतून पलंगावर वगैरे सरकणंही, मीच करते. हे आधी सांगायला हवं, कारण पाळी जाताना मला जे जे झालं त्याचा इजा कुठे आहे याच्याशी थेट संबंध आहे.

छातीखाली काही दुखलं-खुपलं तर मला ते तिथे जाणवत नाही. मूत्राशय तुंबलं, पोट साफ झालं नाही, पायाचं नख मांसात रुतलं, की त्याची खबर वरच्या भागातून मिळते. कपाळ, मान, खांदे घामाने भिजतात, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, डोकं ठणकायला लागतं. याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. आम्ही सगळे नुसतं 'एडी' म्हणतो. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना हा त्रास होतो. इजेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यांना सैल करणारा मेंदूचा संदेश खाली पोचत नाही आणि बीपी झपाट्याने चढतं. माझं वरचं बीपी एरवी १००च्या आसपास असतं. ते १३० झालं तर माझ्यासाठी धोका सुरू झाला, पण ज्यांना एडी माहीत नाही अशा डॉक्टरांना १३० हा आकडा ठीकच वाटतो. ज्यामुळे एडी झाला ते कारण वेळेत दूर केलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. इतकी वर्षं मी या घामाच्या भरवशावर जगले. घाम आला की आधी कॅथेटर, मग बाकी सगळं.

सेहेचाळिशीत पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि त्याच सुमारास कारण नसताना घाम येऊ लागला. कॅथेटर घालावा तर मूत्राशय जवळपास रिकामं. पोट साफ. चपला, पट्टे, कपड्यांच्या शिवणी, सगळं तपासलं तरी काही सापडत नसे. रात्री तर फारच. झोपेतून दचकून उठायचं, अंधारात कॅथेटरची पिशवी चाचपायची, आणि हाती काहीच लागायचं नाही. त्या काळातली भीती मला अजून आठवते. घाम कशाचा हेच कळेनासं झालं, तर खरा एडी होईल तेव्हा मी तो कसा ओळखणार?

पहिल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, या वयात असं होतंच. पाळी जायची वेळ आली." ते खरंच होतं. पण एवढ्यावर मला घरी पाठवणं बरोबर नव्हतं, असं मला आजही वाटतं. ज्या बाईला एडी होतो तिला नुसतं "हे वयाचं आहे" म्हणून सोडता येत नाही. दुसरीकडे, माझे पुनर्वसनाचे डॉक्टर एडी उत्तम जाणतात, पण पाळीचा विषय त्यांच्याकडे कधी निघालाच नव्हता. दोन खोल्यांमध्ये माझं शरीर अर्धं-अर्धं वाटलं गेलं होतं.

तिढा सुटला तो वहीमुळे. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनीच सुचवलं, की घाम आला की आधी दंडाला पट्टा लावून बीपी आणि नाडी मोजा, मगच कारण शोधा. बीपीचं मशीन उशाशी आलं. वहीत रकाने आखले: वेळ, बीपी, नाडी, घाम कुठून सुरू झाला, डोकं दुखतंय का, कॅथेटरमधून किती लघवी आली, किती वेळात थांबलं. सुरुवातीला हे फार कंटाळवाणं होतं. मध्यरात्री ओल्या अंगाने आकडे लिहायचे म्हणजे जीव नकोसा होतो. पण काही आठवड्यांत त्या पानांवर दोन वेगवेगळे त्रास स्पष्ट दिसायला लागले.

पाळी जाण्याच्या वाफा (हॉट फ्लॅशेस) छातीच्या वरच्या भागातून उठून मान आणि चेहऱ्यावर चढत. आतून भट्टी पेटल्यासारखं वाटे, छाती धडधडे, नाडी वाढे, पण बीपी जागचं फारसं हलत नसे. पाच-सात मिनिटांत सगळं ओसरे आणि मागोमाग थंडी वाजे. एडीच्या वेळी बीपी २०-३० अंकांनी वर गेलेलं असे, नाडी उलट संथ, डोक्यात घण पडत, दंडांवर काटा येई, आणि कारण काढल्याशिवाय ते थांबत नसे. अर्थात सगळ्यांचं चित्र असंच असेल असं मी म्हणणार नाही. काही नोंदी दोन्हीकडे बसत, आणि अशा वेळी मी एडीच धरून चालायचे: ताठ बसायचं, कपडे सैल करायचे, कॅथेटर, पोट, कातडी, या क्रमाने बघायचं आणि दर काही मिनिटांनी बीपी मोजत राहायचं. तरीही उतरलं नाही तर थेट तातडीचा विभाग. वाफ समजून एडी अंगावर काढणं जिवावर बेतू शकतं, एडी समजून वाफेसाठी कॅथेटर घातला तर फक्त झोप जाते.

वाफांनी आणखी एक प्रश्न उभा केला. माझ्या इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड करण्याचं काम वरच्या थोड्याशा कातडीवर येतं. एकदा तापले की निवायला वेळ लागतो. मान आणि हातांवर पाण्याचा फवारा आणि समोर पंखा, हा उपाय मला सगळ्यात जास्त लागू पडला. रात्री मानेवरचा, पाठीवरचा घाम ओघळून चादरीत मुरायचा आणि कमरेखालची कातडी त्या ओलीवर तासन्‌तास पडून राहायची. एका सकाळी माकडहाडापाशी फोनच्या कॅमेऱ्यात लालसर डाग दिसला. बोटाने दाबल्यावर निरोगी कातडी पांढरी पडते आणि पुन्हा लाल होते. हा डाग लालच राहिला. बेडसोरची ही पहिली पायरी. तो डाग पूर्ण जाईपर्यंत पाठीवर झोपणं बंद केलं, बसायचा वेळ कमी केला आणि रात्री घाम आला की चादर बदलायचीच असा नेम केला. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्यावर कातडी पातळ आणि कोरडी होते. ज्यांना तिथली जाणीव आहे त्या कूस बदलतात. मला ते डोळ्यांनी बघून करावं लागतं.

लघवीच्या बाबतीतला बदल मला सगळ्यात उशिरा समजला, आणि त्याबद्दल कुणीच सावध केलं नव्हतं याचा राग अजून जात नाही. मी पलंगावर मांड्यांमध्ये आरसा ठेवून कॅथेटर घालते. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतो. पण आता नळीचं टोक तोंडाशीच अडायला लागलं. भरपूर जेली लावली तरी पाय स्पाझमने, म्हणजे स्नायू आपोआप आखडून, ताठ होत आणि नळी बाहेर काढली की टोकाला गुलाबी ठिपका असे. आरशात तो भाग फिकट, कोरडा, आक्रसलेला दिसत होता. शिवाय लघवीचं इन्फेक्शन आधी वर्षातून कधीतरी व्हायचं ते सारखं व्हायला लागलं. प्रत्येक इन्फेक्शनबरोबर स्पाझम वाढत, एडी होई आणि अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स पोटात जाई.

या वेळी मी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले आणि वही सोबत नेली. त्यांनी सगळी पानं शांतपणे वाचली. मग सांगितलं, की योनीमार्ग आणि मूत्रमार्ग दोन्ही इस्ट्रोजेनवर पोसले जातात. ते आटलं की अस्तर पातळ होतं, तिथले उपयुक्त जंतू कमी होतात आणि इन्फेक्शनला वाट मिळते. त्यांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. पाळी गेलेल्या बायकांमध्ये वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शन यामुळे कमी होतं आणि हे औषध रक्तात फारच थोडं उतरतं. जाणीव नसताना ते नीट लावणं हे एक कामच आहे. मी ते रात्री, आडवी झाल्यावर, आरसा आणि टॉर्च घेऊन करते. काही आठवड्यांनी नळी पुन्हा सहज जायला लागली. दोन इन्फेक्शनमधलं अंतरही हळूहळू वाढत गेलं.

वाफांसाठी पूर्ण शरीरावर काम करणारे हार्मोन्स घ्यायचे का, यावर मात्र बराच खल झाला. अपघातानंतरच्या दिवसांत माझ्या पायात रक्ताची गुठळी झाली होती; मज्जारज्जूच्या इजेनंतर पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. त्वचेवरच्या पॅच किंवा जेलमध्ये तो तसा वाढलेला आढळत नाही, आणि निव्वळ व्हीलचेअरवर आहे म्हणून कुणी बाईला हार्मोन्स नाकारू नयेत, हे डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं. पण माझा इतिहास बघता आम्ही दोघींनी आधी बिनहार्मोनचा मार्ग ठरवला. मजेची गोष्ट अशी, की मूत्राशयाचे झटके कमी करायला मी आधीपासून घेत असलेलं ऑक्सिब्युटिनिन आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीचं गॅबापेंटिन, ही दोन्ही औषधं वाफा कमी करण्यासाठीही वापरली जातात. डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून गॅबापेंटिनचा मोठा डोस रात्रीकडे सरकवला. ऑक्सिब्युटिनिन वाढवलं नाही, कारण त्याने तोंड आणि आतडी कोरडी पडतात, बद्धकोष्ठ वाढतो, आणि बद्धकोष्ठ म्हणजे पुन्हा एडी. त्या एका फोननंतर माझ्या रात्री बऱ्याच सुधारल्या.

आतली तपासणी करायची तेव्हाही आधी बोलून घेतलं. योनीमार्ग उघडून बघायच्या नुसत्या स्पेक्युलमनेही मला एडी होऊ शकतो. म्हणून तपासणीआधी मूत्राशय रिकामं केलं, त्यांनी बधिर करणारं लिग्नोकेन जेल लावून थोडं थांबून मग काम सुरू केलं, आणि पूर्ण वेळ दंडाला बीपीचा पट्टा होता. टेबल खाली येणारं होतं, त्यामुळे उचलाउचली झाली नाही. बाई म्हणून तपासून घ्यायला गेल्यावर चार माणसांनी हातापायाला धरून उचलावं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. टेबल खाली येतं का, हे मी आता वेळ घेतानाच विचारते.

हाडांबद्दल थोडक्यात. मज्जारज्जूच्या इजेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांतच पायांची हाडं भराभर विरळ होतात, विशेषतः गुडघ्याच्या आसपासची. त्यावर पाळी गेल्याची झीज. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करताना नेहमी कंबरेचे मणके आणि खुबा बघतात, पण आमच्यात मणक्यांचा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. गुडघ्याचीही मोजणी करा असं मला सांगावं लागलं, आणि तिथली घनता बरीच कमी निघाली. ड जीवनसत्त्व सुरू झालं. ट्रान्सफर करताना पाय मुरगळू नये म्हणून फिजिओंनी फळी वापरायला लावली. त्यामुळे खांद्यांनाही आराम मिळाला, ते या काळात विनाकारण आखडायला लागले होते.

पाळी पूर्ण थांबली तेव्हा मला काय वाटलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अपघातानंतर काही महिने पाळी आलीच नव्हती, अनेकींना तसं होतं. मग एक दिवस नर्सने चादरीवरचा डाग दाखवला आणि मी रडले, आनंदाने. कमरेखाली माझं काहीच उरलं नाही असं वाटण्याच्या दिवसांत तेवढं एक जसंच्या तसं चालू होतं. पुढे त्याच पाळीने मला छळलंही: न कळता भिजलेले पॅड, ओली कातडी, त्या चार दिवसांतले वाढलेले स्पाझम. ती गेली तेव्हा सुटका वाटली आणि डोळेही भरून आले. दोन्ही खरं होतं.

पाळी थांबून सलग १२ महिने झाले आणि त्यानंतर काही काळाने कॅथेटरवर पुन्हा लाल दिसलं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर ते थेंबभर असलं तरी तपासून घ्यायचं असतं. माझ्यासारखीला ते योनीमार्गातून आलं की लघवीतून, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून दोन्हीकडची तपासणी झाली. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर पातळ निघालं, काळजी मिटली. मूत्राशयात मात्र एक खडा होता.

वही पुन्हा उघडली तेव्हा यूरॉलॉजिस्टनी मागच्या काही महिन्यांतल्या नोंदींवर बोट ठेवलं: बीपी चढलेलं, नाडी संथ, मूत्राशय रिकामं, कारण सापडलं नाही. त्या प्रत्येक नोंदीपुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. खडा दुर्बिणीतून काढला, आणि तेव्हापासून तशी नोंद वहीत आलेली नाही. वाफा अजून येतात, बहुतेक पहाटे. पट्टा लावते, १०४ दिसतं, पंखा सुरू करते आणि कूस बदलून झोपते.